आधी मेडिकल, मग पेपर, मग फी

वैमानिक प्रशिक्षणाबद्दल प्रश्न मागवले तेव्हा उदगीरपासून सिल्लोडपर्यंतची पत्रं आली. बहुतेकांनी एकच विचारलंय : "चांगली अकादमी कोणती?" त्याच्या आधी विचारायच्या गोष्टी फार थोड्या पत्रांत होत्या. म्हणून उत्तरांचा क्रम आम्ही आमच्या मतानं लावला आहे.

मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे. पायलट व्हायचं म्हणते. एका सेमिनारला गेलो, तिथं "आजच दोन लाख भरा, फीत सवलत मिळेल" असं सांगितलं. चार एकर रान आहे, त्यातलं दोन एकर काढायची तयारी आहे. पैसे भरू का?
— एक पालक, उदगीर

भरू नका. आणि रान तर आत्ता मुळीच काढू नका.

पहिला खर्च मेडिकलचा, आणि तो काही हजारांत भागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए. त्यांच्या ईजीसीए पोर्टलवर मुलीचं खातं उघडा. तिथून आधी क्लास टू मेडिकल होतं, ते डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं. गावातल्या एमबीबीएसचा दाखला चालत नाही. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे असं सगळं त्यात तपासतात. त्यानंतर क्लास वन. ते बेंगळुरू आणि दिल्लीच्या हवाई दलाच्या केंद्रांत किंवा डीजीसीएनं मान्यता दिलेल्या खासगी केंद्रांत होतं. व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागतंच. आमचा सल्ला असा की अकादमीला एक रुपया देण्याआधी क्लास वनचा निकाल हातात घ्या. निव्वळ क्लास टूच्या भरवशावर फी भरणारे पालक पुष्कळ आहेत, आणि काही महिन्यांनी क्लास वनमध्ये अडचण निघाली की फी परत मागायला हेलपाटे सुरू होतात.

चष्मा असला म्हणून स्वप्न संपत नाही. चष्म्यानं नजर नियमात बसली तर चालतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र खरी अडचण ठरतो, कारण धावपट्टीशेजारचे दिवे लाल-पांढऱ्यात सांगतात की तुम्ही उतरताना खाली आहात की वर, आणि रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून लाल-हिरव्या दिव्यानंच इशारा मिळतो. रंग ओळखण्याची इशिहारा चाचणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. ती उद्याच करून घ्या. लेसर करून चष्मा घालवायचा विचार असेल तर आधी विमान वैद्यकीय डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया लपवू तर अजिबात नका.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. एक मुतखडा : उन्हाळा, कमी पाणी, बोअरचं जड पाणी. सोनोग्राफीत खडा दिसला की "तात्पुरते अनफिट" हा शेरा येतो, कारण आकाशात कळ उठली तर वैमानिक निकामी होतो. दुसरी गोष्ट मुलींचं हिमोग्लोबिन. दोन्हींवर इलाज आहे, पण वेळ लागतो. म्हणून तपासणीच्या दोन-तीन महिने आधीच साधी सोनोग्राफी आणि रक्त बघून घ्या. तात्पुरतं अनफिट आणि कायमचं अनफिट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; पहिला शेरा बघून हातपाय गाळू नका.

भारतात शिकावं, परदेशात, की एखाद्या विमान कंपनीच्या कॅडेट योजनेत जावं? बी.एस्सी. एव्हिएशनचा उपयोग होतो का?
— विद्यार्थी, परभणी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बी.एस्सी. एव्हिएशन ही पदवी आहे, परवाना नाही. काही ठिकाणी ती उड्डाण प्रशिक्षणाबरोबर देतात, तिथं ठीक. नुसती घेतली तर कॉकपिटच्या दारापर्यंतही नेत नाही. पदवी हवीच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बाजूनं करता येते आणि फार स्वस्त पडते.

आता तीन मुख्य वाटा. त्या वेगळ्या दिसतात, पण सगळ्यांचा मुक्काम एकच : डीजीसीएचा व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे सीपीएल. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन मेडिकल, पेपर, रेडिओ परवाना आणि २०० तास उड्डाण. या २०० तासांच्या पोटात हिशेब आहे : १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःवर), त्यात २० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी), आणि त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, १० तास बाहेर न बघता केवळ उपकरणांवर, ५ तास रात्रीचे, त्यात १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. विमान कंपन्यांना याशिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि दोन इंजिनांच्या विमानाचं रेटिंग लागतं; रेटिंग म्हणजे परवान्यावरची जादा मान्यता. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ४० तास उपकरणांवरचे, त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर.

भारतातली नेहमीची वाट : सहा-आठ महिने ग्राउंड क्लास (पेपरचा वर्गातला अभ्यास) करून पेपर काढायचे, मग फ्लाइंग स्कूल. स्कूलची फी साधारण ४५ ते ६० लाख, वर राहणं-जेवण. सरकारी संस्थेत अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, म्हणजे इग्रुआ, आहे : प्रवेश परीक्षा, पायलट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, मुलाखत, आणि जागांना आरक्षण. तिथं किमान उंची १५८ सेंमी लागते, ती आधी मोजून घ्या.

परदेशाची वाट हवामानामुळे वेगानं पार पडते, हे खरं. पण परवाना तिथला मिळतो आणि तो इथं रूपांतरित करावा लागतो. त्याला एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर, रेडिओ परवाना, तिथल्या परवान्याची पडताळणी, आणि इथल्या विमानावर काही तास उडवून चाचण्या. परत आलेल्यांचा वेळ नेमका इथंच जातो. परदेशी जायचंच असेल तर डीजीसीएचे नेहमीचे पेपर जाण्याआधी भारतात काढून जा. आणि आणखी एक बघा : अमेरिकेत पार्ट १४१ या नियमाखालच्या मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांत तिथलं सीपीएल मिळू शकतं, पण इथं २०० आणि त्यातले १०० कमांडचे लागतात. तास कमी पडले तर ते परत येऊन विकत घ्यावे लागतात.

कॅडेट योजनेत विमान कंपनी निवड करते, ठरलेल्या स्कूलमध्ये पाठवते, शेवटी टाइप रेटिंगही (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायची मान्यता) करून देते. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर. मोबदल्यात "अटींसह नोकरीचं पत्र" मिळतं. त्यातला "अटींसह" हा शब्द तीनदा वाचा. मध्येच प्रशिक्षण थांबलं तर पैशांचं काय, कंपनीला त्या वेळी भरती नको असेल तर काय, नोकरीचा बॉण्ड किती वर्षांचा, ही कलमं वकिलाला दाखवून घ्या. घरात पैसा असेल आणि मुलगा अभ्यासात पक्का असेल तर ही वाट सरळ आहे. जमीन गहाण टाकून धरायची ही वाट नव्हे. मराठवाड्यातल्या सर्वसाधारण घरासाठी आमच्या मते भारतातली नेहमीची वाटच शहाणपणाची, कारण ती टप्प्याटप्प्यानं चालता येते आणि प्रत्येक टप्प्यावर थांबायची सोय असते.

फ्लाइंग स्कूल बघायला गेल्यावर काय बघायचं? सगळीकडे "१२ महिन्यांत २०० तास" असंच सांगतात.
— एक पालक, अंबाजोगाई

हा प्रश्न विचारल्याबद्दल खरोखर आनंद वाटला. उत्तर जरा सविस्तर देतो.

वही-पेन घेऊन जा. स्कूलकडे किती विमानं आहेत, हे विचारू नका. आज सकाळी त्यातली किती उडाली, ते विचारा. समजा १० विमानं आहेत. एक-दोन तपासणीत, एखादं सुट्या भागासाठी थांबलेलं, एखादं इंजिनच्या ओव्हरहॉलला. रोज ६ उडतात, प्रत्येक ५ तास, महिन्यातले २४ दिवस : ७२० तास. उडणारे विद्यार्थी ६० असतील तर प्रत्येकाला महिन्याला १२ तास, म्हणजे २०० तासांना जवळजवळ १७ महिने. विद्यार्थी ९० असतील तर ८ तास, म्हणजे २५ महिने. "बारा महिने" हा आकडा कोणत्या गणितातून आला, ते त्यांनाच मांडून दाखवायला सांगा. यात पावसाळा अजून धरलेलाच नाही.

मग इन्स्ट्रक्टर. विमानं उभी आणि शिकवायला माणूस नाही, असंही होतं. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ आहे का, गेल्या वर्षात किती इन्स्ट्रक्टर सोडून गेले, हे तिथल्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा. ऑफिसात नको. शेवटच्या टप्प्यातल्या तीन मुलांची लॉगबुकं बघायला मागा. सोलो, म्हणजे पहिलं एकट्यानं उड्डाण, कधी झाला, मध्ये किती आठवड्यांचे खंड आहेत, हे तारखांवरून लगेच कळतं. खंड महागात पडतो : तीन आठवडे न उडालेल्या मुलाला पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर बसवावं लागतं आणि ते तास त्याच्याच पैशातून जातात. शिवाय परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास उडालेले असावे लागतात.

रात्रीच्या दिव्यांची चौकशी कराच. अनेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्रीची सोय नसते. मग १८५ तास झालेला मुलगा पाच तासांच्या रात्रीच्या उड्डाणासाठी दुसऱ्या विमानतळाच्या वेळेची वाट बघत महिने काढतो. दोन इंजिनांचं विमान स्वतःचं आहे का, आणि ते चालू आहे का, हाही तसाच प्रश्न.

डीजीसीएनं १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात. पहिल्या यादीत ए-प्लस-प्लस आणि ए-प्लस या वरच्या श्रेणी एकाही स्कूलला मिळाल्या नाहीत, सगळी ए आणि बी मध्ये होती. जाण्याआधी ताजी यादी बघा. जाहिरातीतले शब्द आणि ती यादी शेजारी ठेवली की पुष्कळ उलगडा होतो.

पैशांबद्दल एकच पक्का नियम : सगळी फी एकदम नाही. "एकरकमी भरली तर पाच लाख सूट" हे आमिष सगळ्यात धोक्याचं, कारण स्कूल अडचणीत आलं तर सूटही गेली आणि मुद्दलही. हप्ते उडालेल्या तासांना बांधून घ्या, व्यवहार बँकेतूनच करा, आणि सोडताना न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. इंधन दरवाढ, लँडिंगचा आकार, परीक्षकाची फी, चाचणीसाठीचे जादा तास, वसतिगृह, मेस या ओळी वेगळ्या लिहून मागा. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावला असेल तर विचारा : डीजीसीए-मान्य स्कूलच्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, हे जीएसटी परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जागेचं म्हणाल तर राज्यात गोंदिया, शिरपूर, धुळे, बारामती, जळगाव इथं उड्डाण प्रशिक्षण झालेलं आहे. उमरगा-उदगीरकडच्यांना कलबुर्गी सगळ्यात जवळ. घराजवळ म्हणून निवडू नका, पण महिन्यातून एकदा पालकाला अचानक जाऊन बघता येईल इतकं जवळ असलं तर चांगलं.

उड्डाण कोणत्या महिन्यात सुरू करावं?
— विद्यार्थी, सिल्लोड

ऑक्टोबर. जून ते सप्टेंबर ढग खाली असतात, दृश्यमानता जाते, आणि शिकाऊ विमान जमिनीवरच उभं राहतं. ते चार महिने पेपरसाठी वापरा. उन्हाळ्यातही दुपार वाया जाते, त्यामागचं कारण समजून घे. छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात ४२ अंश तापमानाला तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साधारण ५,६०० फुटांवरची वाटते. इंजिनाची ताकद घटते, पंखांखालचा आधार कमी होतो, धावपट्टी जास्त लागते, वर चढणं मंदावतं. त्यात उन्हाचे गचके. म्हणून मेमध्ये उड्डाणं पहाटेची आणि संध्याकाळची.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. पेपर झेपतील का?
— विद्यार्थिनी, घनसावंगी

झेपतील. पेपर इंग्रजीत असतात, पण बहुपर्यायी, उणे गुण नाहीत. पास व्हायला ७० टक्के लागतात. एअर रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. रेडिओ परवाना वेगळा. रेग्युलेशन्स पाठांतर मागतं, मेटिऑरॉलॉजी समजायला गोड आहे, मुलं अडकतात ती नेव्हिगेशनमध्ये. आणि अडकतात ती गणितामुळे नाही, घाईमुळे.

एक उदाहरण घे. छत्रपती संभाजीनगर ते नांदेड सरळ रेषेत साधारण ११५ नॉटिकल मैल. नेव्हिगेशनमध्ये "साठात एक" असा नियम आहे : दिशा एक अंश चुकली तर ६० मैलांनंतर विमान एक मैल बाजूला जातं. पाच अंश चुकली तर नांदेडपर्यंत साडेनऊ नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ १८ किलोमीटर बाजूला. हे तोंडी करता आलं की निम्मं नेव्हिगेशन तुझं. बाकीचं ई-सिक्स-बी नावाच्या गोल पट्टीवर बोटं बसवण्याचं काम आहे, रोज वीस गणितं.

इंग्रजीची खरी परीक्षा रेडिओवर होते. तिथं व्याकरण लागत नाही, ठरलेली वाक्यं लागतात. तीनला "ट्री", पाचला "फाइफ", नऊला "नाइनर" म्हणायचं, टॉवरनं दिलेली सूचना शब्दशः परत म्हणायची. मोठ्यानं, रोज अर्धा तास, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. मनात वाचून हे येत नाही.

बारावी कॉमर्स झाली आहे.
— विद्यार्थी, हिंगोली

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय देऊन पास व्हा, ते चालतं. मात्र सगळ्यांसाठी एक कागदी सूचना : डीजीसीए बारावीच्या निकालाची मंडळाकडून पडताळणी मागतं. लातूर, नांदेड, धाराशिवची फाइल लातूर विभागीय मंडळात, बाकी मराठवाड्याची छत्रपती संभाजीनगरला. आणि नाव! आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आधारवर उलटं, पासपोर्टवर तिसरंच. ईजीसीएवर अर्ज अडकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. खातं उघडण्याआधीच सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या.

शेतीवर कर्ज मिळेल का?
— एक पालक, भोकर

डीजीसीए-मान्य वैमानिक प्रशिक्षण बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बसतं. पण साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी या बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली तिची जप्ती करता येत नाही. गावठाणातलं नमुना आठवरचं घर किंवा गुंठेवारीचा प्लॉट असला तरी अडचण येते. एनए प्लॉट किंवा शहरातला मंजूर बांधकामाचा फ्लॅट असेल तर काम सोपं.

आकडे समोर ठेवा. ५० लाख, ११ टक्के, दहा वर्षं : महिन्याला सुमारे ६८,९०० रुपये हप्ता. प्रशिक्षण आणि सवलतीचा काळ मिळून अडीच वर्षं गेली आणि सगळी रक्कम आधीच उचललेली असेल, तर तोवर सरळ व्याजच पावणेचौदा लाख होतं. म्हणून टप्प्यानं उचला आणि जमलं तर व्याज तेवढं भरत राहा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याण कार्यालयात पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचं विचारावं. तिच्या अभ्यासक्रमांत सीपीएल आहे. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं याआधी ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत हे प्रशिक्षण दिलं आहे. त्यांच्या नव्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट आहे. ते तास धरतात का?
— वाचक, जालना

नाही. तो परवाना पूर्ण वेगळा.

सीपीएल झाल्यावर लगेच नोकरी लागते का?
— एक पालक, माजलगाव

लागेलच असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. हातात परवाना आणि वर्षभर किंवा जास्त वाट बघणं, हे नेहमीचं आहे. ए-३२०, ७३७ किंवा एटीआर अशा एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं; त्याचे साधारण १२ ते २० लाख. भरती नसताना हे रेटिंग स्वतःच्या पैशानं करून ठेवू नका. कोणती कंपनी कोणतं विमान घेणार हे कळण्याआधी केलेलं रेटिंग वाया जाऊ शकतं आणि न उडवता ते जुनं होत जातं.

त्याऐवजी मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी वेळेवर चालू ठेवा, कंपन्यांच्या लेखी परीक्षांसाठी पेपरची पुस्तकं हातची सोडू नका, आणि जमत असेल तर इन्स्ट्रक्टर रेटिंगकडे वळा : तास वाढतात, थोडे पैसे मिळतात, आणि पुढे एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्याला, लागणाऱ्या १,५०० तासांकडेही वाटचाल होते. घरखर्चाच्या हिशेबात या वाट बघण्याच्या काळासाठी किमान अठरा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवा. तेवढे निघत नसतील तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकला. परवान्याला किमान वयाची अट आहे; थोडा उशीर झाला म्हणून घाई करायचं कारण नाही.